आठ नंबरचा माइक

सोमवार, ३ जून

प्रिय आत्या,

सप्रेम सलाम.

काल फोनवर तू विचारलंस, चर्चमध्ये कसं चाललंय, आणि मी "ठीक" म्हणाले. ठीक नाही. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, आणि शेजारच्या खोलीत आई होती. म्हणून लिहिते आहे.

मी एक बिघाड दुरुस्त केला. नंतर कळलं की तो बिघाड नव्हता.

सांगते. आधी साउंड बघणारे काका परगावी गेले, तेव्हापासून मिक्सरवर मी बसते, हे तुला माहीत आहे. आठव्या माइकचा आवाज येतच नव्हता. काकांनी मिक्सरवरच्या त्याच्या सरकपट्टीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं होतं, "नेहमीचंच. सोडून द्या." यंत्राच्या बाबतीत "नेहमीचंच" म्हणजे काय, ते मला कळत नाही. शनिवारी सरावाच्या आधी जाऊन मी केबल हाताने चाचपत गेले. व्यासपीठाच्या मागे गालिच्याखाली ती संपली. तुटलेली नव्हती. माइक जोडायच्या खोक्यातून काढलेली होती, नीट गुंडाळलेली होती आणि वर दोऱ्याची गाठ मारलेली होती. मला वाटलं, कोणीतरी झाडताना काढली असेल आणि परत लावायची राहिली. मी लावली. खरं सांगायचं तर खूशही झाले.

आठवा माइक सिस्टरांचा. सिस्टर म्हणजे नन नव्हेत. आयुष्यभर वॉर्डात नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी सगळे सिस्टरच म्हणतात. मागच्या रांगेत डावीकडून पहिल्या. माझ्या जन्माच्या आधीपासून गायनमंडळात आहेत. सराव सुरू झाला, पहिलं कडवं झालं, आणि स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. सुरापेक्षा जरा खाली. फार नाही, पण सतत. पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरांनी हात वर करून गाणं थांबवलं.

मास्तर म्हणजे आमचे आराधना गटाचे प्रमुख. शाळेत गणित शिकवतात. मला खुर्च्या ठेवायच्या खोलीत बोलावलं.

"आठ नंबर कोणी सुरू केला?"

"मी. केबल निघाली होती."

"निघाली नव्हती. मी काढली होती."

मी विचारलं, सिस्टरांना माहीत आहे का? म्हणाले, "कसं माहीत असेल? त्यासाठीच तर माइक समोर ठेवलाय ना. त्यांना बरं वाटतं, लोकांचे कान वाचतात. याला प्रेम म्हणतात, बाई. आणि देवाला काय माइक लागतो का? त्याला ऐकू जातंच की."

मी म्हटलं, "मग तुमचाही काढू?"

आत्या, मला हे बोलायचं नव्हतं. पण परत घ्यायचंही नाही.

पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. त्यांचंही बरोबर आहे. दोघं मिळून मार्ग काढा." दोघांचंही बरोबर कसं असेल? माइक एक तर सुरू असतो, नाही तर बंद.

काल उपासनेत मी आठ नंबर सुरू ठेवला. मागच्या रांगेला जेवढा ठेवायचा तेवढाच. उपासना संपल्यावर मास्तर स्वतः वाकले आणि केबल काढली. सिस्टर त्यांच्यामागे दोन हातांवर उभ्या होत्या आणि मला लांबून हात करत होत्या.

ज्या ठिकाणी सत्यावर उपदेश होतो, त्या ठिकाणच्या गालिच्याखाली हे. मी साउंडच्या कपाटाची किल्ली परत देणार आहे. "प्रार्थना कर" असं लिहू नकोस. माझं कुठे चुकतंय, तेवढं सांग.

तुझी,
भाची

---

शनिवार, ८ जून

प्रिय मोजपट्टी,

सलाम वगैरे नंतर. आधी भांडते.

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या हातातला चहा गार झाला. त्या मास्तराचा कान धरून त्याला त्याच गालिच्याखाली गुंडाळून, वर दोऱ्याची गाठ मारावी असं वाटलं. "याला प्रेम म्हणतात"! म्हणे प्रेम! प्रेमाला तोंड नसतं का? गणित शिकवतो ना हा? मुलाचं उत्तर चुकलं की वही मिटून "छान छान" म्हणतो का?

तुमचे पाळकसाहेबही काय कमी नाहीत. दोघांचंही बरोबर! अशा माणसाला तराजू दिला तर तो दोन्ही पारड्यांत स्वतःच बसेल.

आता तू. तू विचारलंस कुठे चुकतंय, तर ऐक.

मास्तर बोलला, तू बोललीस, पाळक बोलले. खुर्च्यांच्या खोलीत बोलणं झालं, पाळकांच्या खोलीत झालं, मला चार पानी पत्र आलं. ज्या बाईबद्दल हे सगळं, तिला कोणी एक शब्द सांगितला? मास्तराने तिच्या पाठीमागे केबल काढली. तू तिच्या पाठीमागे केबल लावलीस. तुझा हेतू चांगला, हे मला ठाऊक आहे. पण रविवारी ती तुला लांबून हात करत होती, आणि तू काय केलंस? तूही हात केलास. केलास ना? मी तुला ओळखते.

आणि किल्लीचं म्हणशील, तर मला शंका आहे. गेल्या हिवाळ्यापासून तुला त्या गटातून बाहेर पडायचंच आहे. सराव वेळेवर सुरू होत नाही, कोणी वायर नीट गुंडाळत नाही, सगळे गाण्यापेक्षा गप्पाच जास्त मारतात. तुझ्या या तक्रारी मी पाठ म्हणून दाखवीन. आता तुला एक चांगलं कारण मिळालंय. रागावून बाहेर पडलं की माणूस आपसूक शुद्ध ठरतो, ते स्वस्त पडतं. मी सगळा जन्म चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. तिथली माणसं चांगली म्हणून नाही गं राहिले. माझं काम माणसांपुढे होतं, पण माणसांसाठी नव्हतं, म्हणून राहिले. सेवा म्हणजे आवडत्या लोकांत बसून आवडतं काम करणं, असं तुला कोणी सांगितलं?

तिला सांग. तूच सांग, कारण मास्तर सांगणार नाही. आणि सांगितल्याशिवाय किल्ली परत देऊ नकोस, नाही तर मी तुझ्याशी बोलणार नाही. म्हणजे आठवडाभर तरी नाही.

गुडघा बरा आहे. शिकवणीला येणारी मुलं तशीच वाजवतात, म्हणजे भयंकर.

तुझी,
आत्या

---

सोमवार, १७ जून

प्रिय आत्या,

सलाम. तू सांगितलंस तसं केलं. परिणाम कळवते.

सिस्टरांना मी काम करते त्या श्रवणकेंद्रात बोलावलं. म्हटलं, एकदा कान तपासून घेऊ. त्या खूश झाल्या. येताना आमच्या सगळ्या स्टाफसाठी पेरू घेऊन आल्या. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाले. उंच आवाजांना त्यांचं बटण उशिरा दाबलं जात होतं. मग दाबलंच गेलं नाही. त्या काचेतून माझ्याकडे बघून हसत होत्या, कारण त्यांना वाटलं अजून सुरूच झालेलं नाही.

बाहेर आल्यावर मी आलेख समोर ठेवला. सांगितलं की दोन्ही कानांत उंच आवाजांची श्रवणशक्ती बरीच कमी झाली आहे, इतरांचा सूर नीट ऐकू येत नाही, म्हणून तुमचा सूर उतरतो. यंत्र लावलं तर काही प्रमाणात फरक पडेल, पूर्ण नाही. त्या म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? लाव यंत्र." मग मी दुसरं सांगितलं. माइकचं.

त्यांनी आलेख आपल्याकडे ओढून घेतला. मग विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, मला नेमकं माहीत नाही, पण काकांच्या वेळेपासून तरी.

"आमच्या ह्यांच्या स्मरणसभेच्या वेळी?"

आत्या, मला ते माहीत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेले, तेव्हाच्या सभेत त्या एकट्या गायल्या होत्या. त्यांना आवडायचं ते गीत. त्याच माइकवर. मी त्या वेळी मागच्या बाकावर होते, आणि मला आता आठवतं की काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं होतं, रडू येत असेल म्हणून हळू गात असतील.

मी म्हटलं, "बहुतेक हो."

त्यांनी पर्स घेतली, आलेखाची घडी घालून आत ठेवली आणि गेल्या. काल त्या उपासनेला आल्या नाहीत. शनिवारी सरावाला नव्हत्या. मी दोनदा घरी गेले. दार उघडलं नाही, पण आत रेडिओ सुरू होता. मोठ्याने.

आणि आता सगळं माझ्यावर आलं आहे. पुढच्या रांगेतली एक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गं, म्हातारीला मीटर लावून नापास केलंस म्हणे?" दुसरी म्हणाली, "नवऱ्यानंतर एवढंच उरलं होतं बिचारीला." हे त्या म्हणतात! सूर उतरला की एकमेकींना कोपर मारणाऱ्या याच दोघी. त्यांची दया म्हणजे काय, ते मी मिक्सरवर बसून पाहिलं आहे. मास्तर तर शांतपणे म्हणाले, "मी इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. तू एका दुपारी उघडं केलंस. आता त्यातून कोणाचं भलं झालं, सांग." मी म्हटलं, तुम्ही त्यांना फसवलंत. ते म्हणाले, "मी त्यांना मंडळीत ठेवलं. तू घालवलंस."

मला राग आहे तो याचा. खोटं बोलणारा माणूस त्या खोलीत चांगला दिसत होता आणि मी वाईट दिसत होते.

मी खरं सांगितलं. तूच सांग म्हणाली होतीस. आता तिथे आठ नंबरचा माइक उभा आहे आणि त्याच्यासमोर कोणी नाही. हेच व्हायला हवं होतं का?

भाची

---

शनिवार, २२ जून

प्रिय मोजपट्टी,

आलेख? तू तिला आलेख दाखवलास?

मी "सांग" म्हटलं होतं गं बाई, "निकाल लाव" नव्हतं म्हटलं. तिच्या घरी जायचं, तिच्याच हातचा चहा प्यायचा, अर्धा तास इकडचं तिकडचं बोलायचं, मग सांगायचं. तू तिला काचेच्या खोलीत बसवून सांगितलंस. वर पेरू पण खाल्लेस.

झालं ते झालं. चूक सांगण्यात नव्हती, सांगण्याच्या पद्धतीत होती, आणि ती तू पुढच्या वेळी करणार नाहीस. पण मास्तराचं ते वाक्य, "तू घालवलंस", ते मनाला लावून घेऊ नकोस. ती गेली ती त्याने केलेल्या गोष्टीमुळे. तू फक्त ती गोष्ट तिला दिसेल अशी केलीस. स्मरणसभा! आत्या म्हणून नाही, एक बाई म्हणून सांगते, ते वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. एका विधवेला नवऱ्यासाठी गाऊ दिलं आणि केबल काढून ठेवली. आणि म्हणे देवाला ऐकू जातं! जातंच. मास्तराने काय केलं तेही त्याला ऐकू गेलं असेल, याचा विचार त्याने केलाय का?

तू किल्ली ठेव. या रविवारी जा, मिक्सरवर बस, आणि पुढच्या रांगेतल्या दोघींचे माइक नीट लाव. हो, नीटच. मुद्दाम कमी करू नकोस, मला तुझा मोह कळतो. राग असू दे. रागावलेल्या माणसालाही सेवा करता येते, फक्त हात सरळ ठेवावा लागतो.

सिस्टरांकडे जात राहा. दार उघडलं नाही तर पुन्हा जा. रेडिओ मोठ्याने लावलाय म्हणजे जिवंत आहे आणि भांडणाच्या तयारीत आहे, एवढं मला पुरे.

मी यात पडणार नाही. माझा त्या मंडळीशी संबंध नाही आणि या वयात मी परक्या चर्चमध्ये नाक खुपसत नाही. निश्चिंत राहा.

तुझी,
आत्या

---

सोमवार, ८ जुलै

प्रिय आत्या,

सलाम. "निश्चिंत राहा" हे तू आता कधी लिहू नकोस.

तू सिस्टरांना लिहिलेलं पत्र "सिस्टर, गायनमंडळ" एवढ्याच पत्त्यावर चर्चच्या कार्यालयात आलं. पाळकसाहेबांनी ते हातात घेऊन म्हटलं, कोणीतरी नेऊन द्या. तिथे मास्तर उभे होते. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. अशा रीतीने तुझं पत्र मास्तरांनी स्वतः सिस्टरांच्या दारात नेलं. तू हे ठरवून केलं असतंस तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

सिस्टरांनी दार उघडलं, पाकीट घेतलं, त्यांना दारातच उभं करून सगळं वाचलं, आणि "ठीक आहे, शनिवारी येते" म्हणून दार लावलं. हे मला त्यांनीच सांगितलं. पत्रही दाखवलं. तू फक्त तीन ओळी लिहिल्या होत्यास: "बाई, मी त्या मुलीची आत्या. तुम्ही रागावल्या आहात ते योग्यच आहे. पण घरात बसून रागावू नका, तिथे जाऊन रागवा. ते घर तुमचंही आहे." मला चार पानं लिहितेस आणि त्यांना तीन ओळी.

शनिवारच्या आधी त्या केंद्रात आल्या होत्या, यंत्र बसवून घ्यायला. मी म्हटलं, मी चुकीच्या पद्धतीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. वॉर्डात माझ्या हाताखाली असतीस तर फोडून काढलं असतं." मग यंत्र कानात बसल्यावर म्हणाल्या, "आता पाळकांचा उपदेशही शब्द न शब्द ऐकू येणार. याचं बटण कुठे आहे, ते आधी दाखव."

शनिवारी त्या सरावाला आल्या. आपल्या जागी गेल्या नाहीत, थेट मास्तरांपुढे उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेतल्या दोघींना अचानक गीतांच्या पुस्तकात काहीतरी सापडलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "वॉर्डात माणूस जायला टेकला की डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे निघून जायचे. बाहेर बसलेल्या बायकोला मी जाऊन सांगायचे. तुमचा माणूस आजची रात्र काढणार नाही, हे मी सांगायचे. आणि तुम्हाला मला सांगता आलं नाही, की बाई, तुमचा सूर उतरतो? काय धाड भरली होती?"

मास्तर म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं असतं. एक रविवार वाटलं असतं. दुसऱ्या रविवारी मी खाली बाकावर बसून गायले असते. तुम्ही मला आमच्या ह्यांच्या सभेत दुकानातल्या बाहुलीसारखं उभं केलंत. मी तोंड हलवत होते आणि तुम्हाला ठाऊक होतं. आणि नंतर मला म्हणालात, 'छान झालं.'"

मास्तरांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तू इकडे ये. मी गाते, तू सगळ्यांसमोर सांग." मी म्हटलं, आपण नंतर— "नंतर नाही. आता." त्या माइकशिवाय दोन ओळी गायल्या. मी मान खाली घालून ऐकलं, कारण चेहऱ्याकडे पाहिलं असतं तर मला नीट ऐकू आलं नसतं.

"पहिली ओळ बरोबर," मी म्हटलं. "दुसरीत सूर उतरला. आधीपेक्षा कमी, पण उतरला."

"ऐकलंत?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "मेले का मी?"

त्यांनी आठ नंबरचा माइक स्टँडसकट उचलला. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, लांब राहा. तो व्यासपीठावरून खाली आणून माझ्या टेबलाशी ठेवला. "हा तुम्ही काढून घेतला नाहीत. हा मी सोडते. तुमच्या गणितात हे दोन्ही सारखंच येत असेल, माझ्यात येत नाही. आता तुम्ही केबल काढली होती, हे सगळ्यांना सांगा, कारण या पोरीने मला हाकललं असं माझ्या कानावर आलंय. आणि माझे कान आता चांगले आहेत."

मास्तरांनी सांगितलं. गालिच्याकडे बघत सांगितलं, पण सांगितलं.

काल सिस्टर पहिल्या बाकावर बसल्या. तिथे एरवी कोणी बसत नाही. उभ्या राहून पोटातून गायल्या, त्यांच्या सुरात. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांच्यामागचे तीन-चार बाक गायला लागले. एरवी ही माणसं नुसतं पुस्तक उघडून उभी असतात. आमच्याकडे लोक गात नाहीत, ऐकतात, हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं, कारण मी नेहमी व्यासपीठाचेच आकडे बघत असते. मी मुख्य आवाज थोडा खाली घेतला. खालचे लोक ऐकू येऊ लागेपर्यंत. मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात पट्टीवरून काढला नाही.

उपासना संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा मास्तर टेबलाशी आले. बराच वेळ उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या दोघी बाहेर जाईपर्यंत.

"माझं असं काही असेल," ते म्हणाले, "तर मला सांगशील ना?"

आत्या, मी त्यांना क्षमा केली असं लिहिणार नाही, कारण अजून केलेली नाही. स्मरणसभेची गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही आणि इतक्यात जाणारही नाही. ती सिस्टरांच्याही मनातून गेलेली नाही. त्यांनी मला सांगितलं की त्या रोज त्यासाठी प्रार्थना करतात आणि रोज हरतात. पण मी वायर खाली ठेवली. त्यांच्याबद्दल मला सांगण्यासारखं होतं. पुष्कळ दिवसांपासून होतं. आणि गंमत अशी, की मीही ते कधी बोलले नव्हते. वरच्या सुरावर ते ओरडतात, आणि मी दर रविवारी इथे बसून त्यांचा आवाज गुपचूप कमी करते.

"आता सांगू, की शनिवारी सगळ्यांसमोर?" मी विचारलं.

त्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"आता."

मी सांगितलं. आलेख नाही दाखवला. त्यांना वाईट वाटलं, ते चांगलंच दिसलं. पाण्याचा ग्लास पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. शनिवारी सरावाला ते येतात की नाही, ते बघू. मी असेन. किल्ली माझ्याकडेच आहे.

तुझी,
भाची